पाण्याला औषधाचा वास येतोय? मग क्लोरीनबद्दल बोलू

रांजण
पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला: ‘आज पाण्याला औषधाचा वास येतोय, कुणी पिऊ नका.’ खाली संतापलेले चेहरे, मग कुणीतरी नगरसेवकाला फोन लावल्याचं कळवतं. वास आला नाही तर मात्र कुणी फोन लावत नाही. माझी तक्रार तिथेच आहे. पावसाळ्यात काळजी करायचीच असेल, तर ज्या दिवशी नळाच्या पाण्याला अजिबात वास नसतो त्या दिवशी करावी.

मी एका नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट होतो. नोकरीभर या एका मूलद्रव्याशी रोजचा संबंध, म्हणून हा धागा.

क्लोरीन म्हणजे अणुक्रमांक १७. हिरवट पिवळा वायू, हवेच्या जवळपास अडीचपट जड, उणे ३४ अंशांना द्रव होतो. बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन आणि आठवा मिळवायची प्रचंड घाई. इलेक्ट्रॉन घेताना जी ऊर्जा बाहेर पडते त्यात तो सगळ्या मूलद्रव्यांत पहिला, फ्लोरीनच्याही पुढे. (हे पटकन पटत नाही, कारण सर्वांत क्रियाशील अधातू फ्लोरीनच. पण फ्लोरीनचा अणू इतका लहान की नव्या इलेक्ट्रॉनला आधीचे इलेक्ट्रॉन मागे रेटतात.) असा हावरट अणू निसर्गात मोकळा कुठून राहणार? समुद्राच्या लिटरभर पाण्यात १९ ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं, पण त्याला आठवा इलेक्ट्रॉन मिळालेला आहे, तो निवांत. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तो इलेक्ट्रॉन काढून घेतला की खरा क्लोरीन समोर येतो.

शीले या स्वीडनच्या औषधविक्याने १७७४ साली हा वायू पहिल्यांदा नीट तयार केला, पण त्याच्यात ऑक्सिजन आहे असाच पुढची पस्तीसेक वर्षं समज होता. हे स्वतंत्र मूलद्रव्य आहे असं डेव्हीने १८१० मध्ये ठणकावून सांगितलं.

आता नळाकडे येऊ. पाण्यात क्लोरीन सोडला की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. जंतू मारतं ते हे आम्ल. रेणू लहान, त्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतं. पाण्याचा पीएच साडेसातच्या वर गेला की त्यातलं निम्म्याहून जास्त हायपोक्लोराइट बनतं आणि ते कितीतरी पट सौम्य असतं. म्हणून तेवढाच क्लोरीन एका पाण्यात झकास काम करतो, दुसऱ्यात रेंगाळतो.

मुख्य मुद्दा असा की क्लोरीन जंतू निवडून मारत नाही. गाळ, शेवाळ, कुजलेल्या पाल्याचा रस, जुन्या पाइपातला गंज, सांडपाण्यातला अमोनिया, जो पहिला भेटेल त्याच्याशी भिडतो आणि संपतो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी स्वच्छ असताना लिटरला एक मिलिग्रॅम पुरतो, तर पहिल्या पुराच्या गढूळ पाण्यात तीनही कमी पडू शकतात. तेव्हा ‘आज किती टाकला?’ हा प्रश्न मला फार उपयोगाचा वाटत नाही. ‘शेवटच्या नळाला किती उरला?’ हे विचारा. भारतीय मानकाप्रमाणे तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेची आरोग्यासाठीची वरची मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे. बऱ्याच लोकांना वास १ च्याही खालीच जाणवतो. म्हणजे वास आणि अपाय यांत बरंच अंतर आहे.

शुभ्रा_के
मस्त धागा! पण मग स्विमिंग पूलचं काय? आमच्या क्लबात आत शिरतानाच भपकारा येतो, मुलांचे डोळे लालभडक होतात. तिथे तर नक्कीच जास्त टाकत असतील ना?

रांजण
उलट असण्याची शक्यता जास्त. तो भपकारा बहुतेक वेळा क्लोरामाइन्सचा असतो. घाम आणि (स्पष्टच सांगतो) लघवी यांतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांना क्लोरीन भिडला की क्लोरामाइन्स बनतात, त्यातलं ट्रायक्लोरामाइन हवेत उडून डोळे-नाक झोंबवतं. नीट राखलेल्या तलावाला फार वास नसतो. उपाय म्हणजे पुरेसा क्लोरीन घालून ही क्लोरामाइन्स मोडून काढायची, पाणी बदलत राहायचं आणि पोहण्याआधी प्रत्येकाने साबण लावून आंघोळ करायची. शेवटचा उपाय फुकट आहे, म्हणून तो कुणी करत नाही.

शुभ्रा_के
ईईई. उद्यापासून मुलांना आधी शॉवरखाली उभं करणार.

आडवाटेचा
रांजणकाका, शहरातलं तुम्ही सांगितलं, गावाकडचं मी सांगतो. मी आमच्या ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. आमच्याकडं वायू-बियू नाही, टीसीएल पावडर. पंचवीस किलोची पिशवी. लोकांना वाटतं पावडर घ्यायची आणि विहिरीत भिरकावायची. काही ठिकाणी करतातही तसंच, मग पाण्यावर पांढरा तवंग आणि तळाला चुना.

खरी पद्धत अशी. आधी विहिरीत पाणी किती ते काढायचं. व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजायची, व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४, भागिले ४, आणि आलेल्या आकड्याला हजारने गुणलं की लिटर. चांगली पावडर असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम असं पुस्तकात आहे. आम्ही पाच धरतो, कारण पावडर आमच्यापर्यंत येईतो तिचा जोर उतरलेला असतो. प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घालून आधी घट्ट लापशी करायची, मग बादली पाऊणभर करून ढवळायची आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. चुना खाली बसतो. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं, ती दोरीनं विहिरीत सोडायची, वर-खाली, डावी-उजवी हलवायची म्हणजे औषध सगळीकडं पोचतं. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही, पाणी जड होतं. तासभर पाणी उपसायचं नाही.

मग ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिन टाकून पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायचं. नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब, पिवळा रंग आला की पास. ते नळीतलं पाणी बाजूला ओतायचं, पुन्हा टाकीत नाही, कारण ओटीचं औषध विषारी. मी टाकीवर टेस्ट करत नाही, गावाच्या शेवटच्या घरात जाऊन करतो. टाकीवर कुणाचंही पाणी पास होतंय!

रांजण
आडवाटेचा, शेवटची ओळ सोन्याने मढवावी अशी. एक भर घालतो: रंग लगेच बघा. थेंब टाकल्याबरोबर पहिल्या काही सेकंदांत येतो तो मोकळ्या क्लोरीनचा रंग. नळी ठेवून चहा पिऊन आलात तर क्लोरामाइन्सही रंग देतात आणि आकडा फुगलेला दिसतो. शहरांत आता ओटीऐवजी डीपीडी नावाचं रसायन वापरतात, त्यात गुलाबी रंग येतो.

चटकचांदणी
भाबडा प्रश्न: टीसीएल आणि ब्लीचिंग पावडर एकच का? आणि जोर उतरतो म्हणजे काय?

आडवाटेचा
घराणं एकच. साधी ब्लीचिंग पावडर म्हणजे विरलेल्या चुन्यावरून क्लोरीन वायू सोडून केलेली. आपल्या उन्हाळ्यात ती टिकत नाही, म्हणून तिच्यात जादा चुना घालून पक्की करतात. उष्ण हवामानासाठी केलेली ती टीसीएल. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास कामाचा क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो आणि हातात उरतो चुना. आमच्याकडं नमुना तपासायला पाठवावा लागतो, वीस टक्क्यांच्या खाली आला की ती पावडर बाद. पाण्याच्या स्रोताचं सर्वेक्षण पावसाळ्याआधी आणि नंतर होतं, त्यावर ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं नाहीतर लाल कार्ड मिळतं. लाल कार्ड आलं की सगळ्यांना जलसुरक्षकाचं नाव आठवतं.

खडीसाखर
सगळं छान आहे, पण पहिल्या महायुद्धात ज्या वायूने सैनिक मारले तोच आपण पितोय हे कुणी बोलत नाही. मी तरी घरात आरओ बसवून मोकळा झालो. एक थेंबही क्लोरीन नको.

सूक्ष्मदर्शी
खडीसाखर, तुमच्या शरीरात या क्षणी क्लोरीनचं तेच हत्यार तयार होतंय. रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि आत त्यांच्यावर हायपोक्लोरस आम्ल सोडतात. रांजण यांनी वर सांगितलं तेच आम्ल. ते बनवणाऱ्या एन्झाइमचा रंग हिरवा असतो, पुवाला हिरवट छटा येते त्यात त्याचाही वाटा आहे. तेव्हा ‘एक थेंबही नको’ हे जमण्यातलं नाही.

आरओबद्दल. त्यातल्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून पडद्याच्या आधी कार्बन फिल्टर लावून तो काढून टाकतात. म्हणजे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला काहीही संरक्षण नाही. ते लगेच प्यायलात तर ठीक. पण यंत्राच्या टाकीत दोन दिवस पडलं, फिल्टर वर्षभर बदलला नाही किंवा वीस लिटरच्या जारमधून गावभर फिरलं, तर त्यात शिरलेल्या जंतूला अडवणारं कुणी नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता भागात गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा विहिरीच्या पाण्याबरोबरच खासगी आरओ केंद्रांच्या पाण्याकडेही बोट गेलं होतं.

बाकी क्लोरीन म्हणजे रामबाण नव्हे, हेही सांगते. टायफॉइड, कॉलरा, बहुतेक विषाणू यांना तो चांगला आवरतो. कावीळ करणाऱ्या अ प्रकारच्या विषाणूला जरा जास्त वेळ लागतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मात्र नेहमीच्या मात्रेला दादच देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या पाण्यातून सुमारे चार लाख लोक आजारी पडले ते त्याच्यामुळे. त्याला गाळणीच हवी. गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवून ते निवळू द्यायचं आणि मग औषध घालायचं हा क्रम त्यासाठीच. उलटा केलात तर औषध गाळाने खाल्लं.

रांजण
युद्धाचा विषय निघालाच आहे तर तो टाळू नये. २२ एप्रिल १९१५, बेल्जियममधलं ईप्र. जर्मन सैन्याने पाच हजारांहून जास्त सिलिंडर उघडून दीडशे टनांवर क्लोरीन वाऱ्यावर सोडला. देखरेख फ्रिट्झ हाबरची, ज्याला पुढे अमोनिया संश्लेषणासाठी १९१८ चं नोबेल मिळालं. वायू जड, त्यामुळे खंदकांत उतरून बसला. फुप्फुसातल्या ओलाव्याशी भिडून तिथेच आम्ल तयार करतो, माणूस स्वतःच्याच द्रवात गुदमरतो. चारच दिवसांनी लाहोर डिव्हिजनचे भारतीय सैनिक त्याच आघाडीवर हल्ल्यात उतरले आणि त्यांनाही हा वायू भोगावा लागला. जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो २६ एप्रिलच्या त्या दिवसासाठी.

हे सगळं खरं. पण खंदकातला क्लोरीन आणि लिटरला ०.२ मिलिग्रॅम यांना एकच लेबल लावून भीती घालणं मला मान्य नाही.

केंद्रावर मात्र आम्ही त्या वायूला टरकून असायचो, आणि असायलाच हवं. ९०० किलोचा टनर, म्हणजे क्लोरीनचा मोठा सिलिंडर, आडवा ठेवलेला, त्याला पितळी व्हॉल्व्ह. गळतीची शंका आली की अमोनियात बुडवलेला बोळा काठीला बांधून सांध्यांजवळून फिरवायचा. क्लोरीन असेल तिथे पांढरा धूर निघतो, नवसागराचा. गळक्या जागेवर पाणी मारायचं नाही हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचं, कारण पाण्याने आम्ल होऊन भोक मोठं होतं. आणि पळायचं ते वाऱ्याला आडवं, उंचाकडे. खड्ड्यात, तळघरात कधीही नाही. मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात जुलै २०१० मध्ये वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभराच्या आसपास लोकांना रुग्णालय गाठावं लागलं. तो क्लोरीन कुणाला नको होता म्हणून तिथे पडून होता. उद्योगात हे नेहमीचं दुखणं आहे, त्यावर जाणकारांनी लिहावं.

दहेजकर
जाणकार हजर. 😀 मी गुजरातेत कॉस्टिकच्या कारखान्यात आहे. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन जोडीनेच जन्मतात. एक टन कॉस्टिकमागे सुमारे ८८० किलो क्लोरीन. हे प्रमाण रसायनशास्त्राने ठरवलंय, मालकाला बदलता येत नाही. आपल्या देशात मागणी कॉस्टिकला जास्त (अ‍ॅल्युमिनियम, कागद, कापड, साबण), त्यामुळे क्लोरीन गळ्यात पडतो. वायू साठवून किती ठेवणार? कधी कधी भाव शून्याच्या खाली जातो, म्हणजे घेऊन जाणाऱ्याला वर पैसे द्यावे लागतात! बाहेरच्यांना हे खोटं वाटतं.

जगभर सगळ्यात जास्त क्लोरीन जातो पीव्हीसीत. तुमच्या घरातल्या पाइपाच्या वजनात ५७ टक्के क्लोरीन आहे. पाणी शुद्ध करायला लागणारा क्लोरीन एकूण उत्पादनाचा अगदी छोटा हिस्सा. औषधांच्या डब्यात पाहा: सेटिरिझिन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅम्लोडिपिन, क्लोरोक्विन, सगळ्यांच्या रेणूत क्लोरीन. साखरेऐवजी वापरतात त्या सुक्रालोजमध्ये तीन अणू. आणि काही औषधांच्या अंतिम रेणूत नसला तरी वाटेत कुठेतरी वापरलेला असतो.

डीडीटीही याच घराण्यातलं, हेही प्रामाणिकपणे सांगतो. कार्बन-क्लोरीनचा बंध पक्का, निसर्गाला पटकन मोडता येत नाही. औषधात ते सोयीचं, शेतात आणि माशांच्या चरबीत गैरसोयीचं.

मिशिगनकर
रांजण यांच्या ‘किती उरला’ला इथलं उदाहरण देतो. २०१४ मध्ये आमच्या राज्यातल्या फ्लिंट शहराने पैसे वाचवायला पाण्याचा स्रोत बदलून नदीचं पाणी घेतलं आणि पाइप गंजू नयेत म्हणून जे रसायन घालायला हवं होतं ते घातलं नाही. नळाच्या पाण्यात शिसं उतरल्याची बातमी जगभर गेली. पण दुसरीही गोष्ट घडली. लोखंडी पाइप गंजले, गंजाने क्लोरीन खाल्ला, काही भागांत तो नळापर्यंत पोचेचना. त्या काळात लिजिओनेअर्स या न्यूमोनियाची साथ आली, किमान बारा माणसं गेली. केंद्रात क्लोरीन घातला जात होताच.

अवांतर: इथे बऱ्याच शहरांत मुद्दाम क्लोरामाइन घालतात, कारण तो लांबवरच्या पाइपात टिकतो. माझे टाकीतले मासे पहिल्या वर्षी दगावले असते, दुकानदाराने वेळेत सांगितलं. साधं क्लोरीनचं पाणी दिवसभर उघडं ठेवलं की चालतं, क्लोरामाइन तसा उडत नाही, अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेच लागतात.

चटकचांदणी
बाथरूमचंही लिहा कुणीतरी. आमच्या शेजारच्या काकूंनी संडास साफ करायचं निळं लिक्विड ओतलं, डाग जाईना म्हणून वरून ब्लीच. दार बंद. खोकत बाहेर आल्या, संध्याकाळपर्यंत छातीत जळजळ.

सूक्ष्मदर्शी
लिहायलाच हवं. त्या निळ्या लिक्विडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, फरशीच्या अ‍ॅसिडमध्ये तर असतंच. ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट. दोन्ही भेटले की थेट क्लोरीन वायू. ब्लीच एकट्याने वापरायचं, दार-खिडकी उघडी ठेवून. चुकून झालंच तर पुसत बसू नका, आधी बाहेर पडा. दम लागत असेल तर थेट दवाखाना, कारण फुप्फुसाला सूज काही तासांनीही येऊ शकते.

खडीसाखर
आरओचा मुद्दा मान्य, फिल्टर बदलण्याची तारीख बघतो. पण क्लोरीनने कॅन्सर होतो असं वाचलंय त्याचं काय? ते तरी खोटं नाही ना?

रांजण
पूर्ण खोटं नाही, म्हणून नीट सांगतो. पाण्यातल्या पालापाचोळ्याच्या रसाशी क्लोरीनची क्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखे ट्रायहॅलोमिथेन्स तयार होतात. नेदरलँड्समध्ये १९७४ मध्ये हे लक्षात आलं. वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात पोटात गेल्यास मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असू शकतो असे अभ्यास आहेत, म्हणून त्यांना मर्यादा घालून दिलेल्या आहेत. पण यावरचा उपाय क्लोरीन बंद करणं हा नाही. क्लोरीन घालण्याआधी तुरटी आणि गाळणीने तो पाला काढून टाकायचा. आमच्याकडे वरिष्ठांना हे पटवताना नाकी नऊ यायचे, कारण गाळणीची दुरुस्ती महाग आणि क्लोरीन स्वस्त. गॅस्ट्रोने आज आजारी पडणारं मूल आणि सत्तर वर्षांत थोडी वाढणारी जोखीम यांत निवड करायची वेळ आली तर मी डोळे झाकून क्लोरीन निवडेन.

संत्रानगरी
नागपुरातून हजेरी. आमच्या नीरीचं (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. छोट्या विहिरींसाठी त्यांनी दुहेरी मडक्याची युक्ती काढली होती. मडक्यात मडकं. आतल्यात एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू ओलसर कालवून भरायची. आतल्या मडक्याला वर काठाजवळ बोटभर भोक, बाहेरच्याला बुडापासून चार सेंटिमीटरवर. तोंड प्लास्टिकने बांधायचं आणि पाण्याखाली मीटरभर सोडायचं. क्लोरीन पाझरत राहतो, दोन-तीन आठवडे पुन्हा बघायला नको. साडेचार हजार लिटरच्या घरगुती विहिरीला बेतलेलं आहे. २० लिटरच्या हंड्याला एक पुरेल अशी क्लोरीनची गोळीही त्यांचीच.

जांभ्याची_विहीर
अरे वा, हे आमच्या कामाचं. कोकणात घर बंद असतं, गणपतीला सगळे जमतो, वीस-पंचवीस माणसं. विहिरीचा व्यास ३ मीटर, गणपतीत पाणी ४ मीटर असतं. वर्षभर उपसा नाही. मडकं पुरेल का? की आधी सरळ टीसीएल टाकू?

आडवाटेचा
मडकं नाही पुरणार, तुमचं पाणी भरतंय २८ हजार लिटर. अडीच ग्रॅमनं ७० ग्रॅम, पाचनं १४०. वर्षभर पडून राहिलेलं पाणी, त्यात पाला आणि बेडूक, तेव्हा १४० नंच सुरू करा. आधी जाळी टाकून पाला काढा. तुम्ही पोचायच्या आदल्या संध्याकाळी कुणाकडून तरी औषध टाकून घ्या आणि रात्रभर उपसा बंद. सकाळी ओटी करा. ०.५ च्या आत असेल तर तसंच पुन्हा एकदा. दीडच्या पुढं गेलं तर घाबरू नका, दिवसभरात उतरतं. पंचवीस माणसांचा उपसा आणि रोजचा पाऊस, म्हणून पुढं रोज संध्याकाळी टेस्ट करून कमी पडेल तेवढंच टाका.

जांभ्याची_विहीर
भारी. वाडीतल्या बापूला आजच कळवतो. पावडर दुकानातून आणू की ग्रामपंचायतीतून?

आडवाटेचा
ग्रामपंचायतीत मागा, आणि पिशवी कधी उघडली ते विचारा. गठ्ठे झालेले असतील तर घेऊ नका.